आपसूक निघालेला आकडा

भालकीच्या बसस्टँडसमोर सायकलींचे पंक्चर काढणारा आमचा शेजारी लोकांचं बोलणं ऐकायचाच नाही, त्यातले आकडे तेवढे वेचून घ्यायचा. मटक्यावर लावायला. "चार लोकांत माझी लाज गेली," असं कुणी रडत सांगितलं, तर ह्याला लाज दिसायची नाही, चार दिसायचे. लगेच डावा डोळा बारीक व्हायचा आणि ओठ हलायला लागायचे. त्याचा नेम मात्र पक्का होता: विचारून मिळालेला आकडा खोटा, आपसूक तोंडून निघालेला खरा. म्हणून बसची वेळ सांगणाऱ्याकडे तो ढुंकूनही पाहायचा नाही.

माझे वडील वारले तेव्हा तो सगळ्यांच्या आधी आला आणि आत्याजवळ जाऊन बसला. आत्या रडत म्हणाली, "दोन घास खाल्लं अन् मान टाकली की रे!" त्याचे ओठ हलले. रडतारडता मला हसू फुटलं, ते मी रुमालात दाबलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून तो लगबगीनं निघून गेला.

राख सावडून आलो, तर हा दारात पेढ्यांचा पुडा घेऊन उभा. "अप्पा लई देवमानूस," म्हणाला.

आत्या भडकली. "मुडद्या, तू मरताना आमाला बी आकडा सांगून जा!"

"कामून चिडायलाव अक्का?" तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "सांगितलेला चालत न्हाई. माझी बायकू रडंल तवा जवळ बसा, अन् नीट ऐका."