राखाडी ठिपका

सोमवार, तीन जून. आजचं काम अगदी किरकोळ: स्क्रीनवरचा राखाडी ठिपका काढून तिथे हिरवा लावायचा. मालकांनी सकाळीच सांगितलं. संध्याकाळ झाली, मी हात लावलेला नाही. तो ठिपका मारक्या अक्कांचा आहे.

अक्का आमच्या कुंभकोणमच्या ऑफिसात टेस्टर होत्या आणि रोज कॉफीच्या आधी आमचं ॲप मारून टाकायच्या. बोटाने सरकवून बंद करायच्या, बॅटरी बचत लावायच्या, चालू फोन मध्येच बंद करायच्या. एवढं करून ॲप टिकलंच, तर सगळे फोन पिवळ्या कापडी पिशवीत भरून बसने सुंदरपेरुमाळ कोयिलला न्यायच्या, कारण तिथल्या शेतांत रेंज जाते. मारक्या म्हशीवरून 'मारकी अक्का' हे नाव मीच पाडलं. त्यांना कळलं तेव्हा म्हणाल्या, "बरें झालें. भिऊन तरी असाल."

ॲप एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी आहे. कोणी पडलं तर फोन आपोआप आमच्या सर्व्हरला कळवतो, आमच्या आणि त्यांच्या मुलांच्या स्क्रीनवर लाल ठिपका येतो. पण फोनमधलं ॲपच बंद पडलं असेल तर कळवणार कोण? ते चालू आहे का हे तपासणारा प्रोग्राम लिहिणं माझं काम. मी सोलापूरची, नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आलेली. अक्कांचं मराठी तंजावरचं, पिढ्यान् पिढ्या महाराष्ट्राचं तोंड न पाहिलेलं. मी पहिल्यांदा ती तपासणी ॲपच्या आतच लिहिली, तेव्हा त्यांनी मला समोर बसवलं. "अगे, जिवंत आहेस कां म्हणून त्यालाच विचारतेस? मेलें तर सांगेल कसें?"

मग ॲपने थोड्या थोड्या वेळाने 'आहे' एवढंच कळवायचं आणि सर्व्हरने बाहेरून ऐकत राहायचं, असं ठरलं. 'आहे' आलं की हिरवा. नाही आलं तर? मालक म्हणाले, "रेंज गेली असेल. हिरवाच राहूं दे."

अक्का गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. तिरुनागेश्वरम्‌चे एक निवृत्त हेडमास्तर आमचं ॲप वापरत होते. त्यांचा ठिपका हिरवा, पण 'आहे' आदल्या दिवसापासून आलेलं नव्हतं. अक्का बसने जाऊन आल्या. फोन कपाटात होता, बॅटरी वाचवायला त्याने आमचं ॲप स्वतःच बंद करून टाकलं होतं, आणि हेडमास्तर शेजारच्या ओट्यावर कॅरम खेळत होते.

"मग बरेच आहेत की," मालक म्हणाले.

"आज बरे आहेत. उद्यां पडले तर तुझा हिरवा त्यांस उचलणार?"

मालक त्यांच्याच समाजातले, त्यांच्यासमोर वाढलेले, म्हणून हा एकेरी कारभार. अक्कांना तिसरा रंग हवा होता. हिरवा नाही, लाल नाही, माहीत नाही. राखाडी.

"अक्का, राखाडी बघून मुलें घाबरतील."

"घाबरूं देत. घाबरलेलें माणूस फोन करतें." आणि वर, "तुझ्या शेजारच्या दारांत सकाळीं कोलम दिसलें नाहीं तर तुझी आई काय समजते? सगळें बरें आहे असें?"

कोलम म्हणजे इथली रांगोळी. ती रोज पहाटे दारात हवीच. नसली तर घरात काहीतरी झालंय.

"जाऊन विचारते," मालक पुटपुटले.

"मग? आईहून तूं शहाणा?"

राखाडी ठिपका लागला. अक्का स्वतः एकट्या राहायच्या, म्हणून स्वतःच्या फोनवरही त्यांनी ॲप घेतलं.

गेल्या वर्षी एका सकाळी ऑफिसात येऊन बसते तर अक्कांचा ठिपका राखाडी. फोन लागेना. मी रिक्षा करून गेले. शेजारीण माझ्या आधीच पोचली होती. तिला दारात कोलम दिसलं नव्हतं. अक्का न्हाणीघरात पडलेल्या, फोन बादलीत. मांडी हलवता येत नव्हती. मला बघून त्यांनी विचारलं, "राखाडी दाखविला कां?"

"दाखवला."

"सेरि," त्या म्हणाल्या. म्हणजे बरं. मग कण्हायला लागल्या.

हाड जुळलं, पण मुलगी त्यांना त्रिचीला घेऊन गेली. तिकडून फोनवर त्या मला नव्या फोनांच्या खोड्या सांगत. पोंगलनंतर न्यूमोनिया झाला आणि त्या गेल्या.

आता एक मोठं गिऱ्हाईक येतंय. त्यांना राखाडी नको आहे. म्हणे, बघणाऱ्याला शंका येते. शंका यावी म्हणूनच तो आहे. पण मालकांनी मान डोलावली. ज्यांनी हे तोंडावर सुनावलं असतं, त्या आता नाहीत. मी आहे.

मंगळवारी सकाळी मी मालकांच्या टेबलापुढे उभी राहिले. म्हटलं, "ठिपका राहील. काढायचाच असेल तर तुम्ही काढा, आणि आधी तुमच्या आईला विचारून या." मी कपाटातून अक्कांची पिवळी पिशवी काढली, सगळे फोन भरले आणि सुंदरपेरुमाळ कोयिलची बस पकडली.