विहिरीच्या वाटेवरचा नाच

माझ्या बोटांना जपमाळेचे मणी कळेनासे झाले, तेव्हा माझी प्रार्थनाच अडली. एकाच मण्यावर ‘नमो मरिया’ किती वेळा म्हटले ते समजत नसे. गाठींचा कॅन्सर गेला होता, मुंबईच्या डॉक्टरांनी तसे सांगितले होते. पण ज्या औषधाने तो गेला, त्यानेच हातापायांच्या नसा मारल्या होत्या. “येतील हळूहळू, नाहीतर नाही येणार,” ते म्हणाले. पायांखाली जमीन आहे की नाही, हे मला डोळ्यांनी बघावे लागे. नजर उचलली की मी पडे.

मी यादी करून जगणारी बाई. वटार गावातल्या आमच्या स्वयंपाकघरात कामांच्या याद्या भिंतीला लावलेल्या असत. त्या वर्षी मी त्यांतून एकेक काम खोडत गेले. विहीर खोडली, विळी खोडली, शेवटी देवळातली, म्हणजे चर्चमधली, रविवारची मिस्साही खोडली. कम्युनियनच्या रांगेत मला उभे राहवत नसे, म्हणून फादर प्रसादाची भाकर घेऊन बाकापाशी येत आणि सगळे देऊळ वळून बघे. ते सोसेना. देव आहे की नाही, हा प्रश्न मला कधी पडला नाही. तो आहे आणि मला विसरला आहे, अशी माझी खात्री झाली होती, आणि ते जास्त वाईट होते.

त्यातच पुतणीचे लग्न आले. आमच्याकडे आदल्या संध्याकाळी बाया बँडच्या तालावर नाचत विहिरीवर जातात आणि नवरीसाठी पाणी आणतात. कळशी कोणाकडे, पुढे कोण, हे सगळे दर लग्नात मीच ठरवायची. त्या दिवशी मात्र मी मांडवाचा खांब धरून, मान खाली घालून उभी होते. किनाऱ्यावरच्या राजोडीहून लग्नाला आलेली एक कोळीण माझ्यापुढे थांबली. मी तिला ओळखत नव्हते.

“खाली काय बघतेस गो? पैसं सांडलं काय?”

“पाय बघते. मला ते कळत नाहीत.”

“पाय काय पलून जातात? चल पान्याला.”

“मी पडेन.”

“पडशील तं माझ्यावर पडशील. मी काय पापडाची हाय?”

तिने माझा हात आपल्या कमरेभोवती घेतला आणि माझी कंबर घट्ट धरली. दुसऱ्या बाजूने जाऊबाईंनी धरली. रांग हलली. ढोलाचा ठोका पायांतून येत नव्हता. तो त्या बाईच्या कमरेतून माझ्या दंडात आला, मग छातीत आला. ती झुकली की मी झुकत होते. बरीच वाट गेल्यावर लक्षात आले की मला माडांचे शेंडे दिसत आहेत. कित्येक महिन्यांत मी झाडाचा शेंडा पाहिला नव्हता.

दुसऱ्या सकाळी मी अंथरुणातून उठले आणि पडले. आदल्या दिवशी मिळालेले असे हिरावले गेल्यावर मी फार रडले. मग बसल्या बसल्या विचार केला, काल काय वेगळे होते? ताल होता, धरणारे कोणी होते, नजर वर होती. दिराने आखातातून आणलेला टेपरेकॉर्डर मी लग्न आटोपल्यावर मागून घेतला, त्यावर बँडची गाणी लावली आणि एका दुपारी नवऱ्याला केळींसमोरच्या ओटीवर उभे केले.

“लग्नात नाचलो नाही, आता केळींना नाचून दाखवू?”

“केळी हसत नाहीत. धरा.”

पुष्कळ दिवस काहीच फरक दिसला नाही. कधी मी पडे, कधी दोघेही. डॉक्टरांना भीत भीत सांगितले, तर ते म्हणाले, “सोडू नका.” नसा काही परतल्या नाहीत. आजही बोट कापले तर रक्त दिसल्यावर कळते, आणि रात्री पाय आहेत की नाहीत अशी भीती वाटते. पण नजर वर ठेवून मी चालू लागले.

चालता येऊ लागल्यावर राजोडीला जाऊन त्या बाईला शोधले. ती वाळत घातलेले बोंबील उलटत होती. मी आभार मानू लागले, पण तिला मी आठवेचना.

“नाचात कोन कुनाची कंबर धरते, ते याद राहते काय बाय?” म्हणाली आणि मूठभर बोंबील माझ्या पदरात घातले.

परतताना आधी मन खट्टू झाले. मग वाटले, ती मला विसरली, तरी तिने धरले होते ते खोटे होत नाही. देवाबद्दलची माझी तक्रार तिथेच कुठेतरी, त्या वाटेवर गळून पडली असावी.

त्या रविवारी मी कम्युनियनच्या रांगेत उभी राहिले. मनातल्या मनात ढोलाचा ताल धरला, नजर आल्तारावरच्या क्रुसावर ठेवली आणि जमीन असेल असे मानून पाऊल टाकले.

जमीन होती.