केळीचे खांब लावलेली गाडी

आता काय सांगू तुम्हाला, माणसानं स्वतःची शोभा करून घ्यावी, पण निदान पायांत बूट असताना तरी! माझं तेवढंही नशीब नव्हतं.

मी साताऱ्याचा. चेन्नईजवळ ओरगडमला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. तिथेच रंजनी भेटली. पूर्वज तंजावरचे, घरात मराठी, पण पोरगी पक्की चेन्नईची. लग्न करायचं आमचं ठरलं होतं, फक्त तिच्या अप्पांचा होकार बाकी होता.

"अप्पांना गाड्यांचं वेड आहे," रंजनी म्हणाली. "दसऱ्याच्या सुट्टीत जुन्या गाड्यांच्या म्युझियममध्ये भेटू. तुला गाड्यांतलं कळतं, एवढं त्यांना दिसलं की झालं!"

म्हणजे घरचंच मैदान! मी बस पकडून आधीच जाऊन पोचलो.

गेटच्या आत चिंचेखाली एक जुनी काळी गाडी उभी होती. बॉनेटवर चंदन-कुंकू, झेंडूचा हार आणि पुढे दोन्ही बाजूंना केळीचे खांब! आता तुम्हीच सांगा, केळीचे खांब आपण कुठे पाहतो? सत्यनारायणाला! दसऱ्याला आपणही गाडीला हार घालतो, पण खांब? मला वाटलं, ही इथली मानाची गाडी, जवळजवळ देवस्थानच. मी बूट काढले, "गणपती बाप्पा मोरया" म्हटलं आणि एक प्रदक्षिणाही घातली.

मागे नाशिकहून फिरायला आलेलं एक कुटुंब उभं होतं.

"मराठी वाटतं? कुणाची हो ही गाडी?" त्यातल्या आजोबांनी विचारलं.

"माहीत नाही" म्हणायला माझं काय जात होतं? पण इंजिनियर ना मी!

"इथल्या एका मराठी सरदारांची," मी ठोकून दिलं.

"अरे वा! आहेत का ते?"

"छे हो, कधीच गेले. गाडीही तेव्हापासून बंद. इंजिनात काही राम नाही. जुना ड्रायव्हर बिचारा अजून पूजा करतो."

आजींनी "अगं बाई!" करत चपला काढल्या. मग सुनांनी, मग नातवंडांनी. ते बघून एक गुजराती घोळका थांबला. कुणीतरी बॉनेटवर पेढा ठेवला. आजोबा येईल त्याला माझीच गोष्ट, सरदारांपासून बंद इंजिनापर्यंत, ऐकवू लागले. माझे बूट चपलांच्या ढिगाखाली दिसेनासे झाले.

तेवढ्यात गर्दीतून पांढरी वेष्टी नेसलेले एक गृहस्थ पुढे आले. हातात किल्ली. मागे रंजनी, कपाळाला हात लावून!

"सरदार कोण ते ठाऊक नाही," ते जुन्या वळणाच्या मराठीत म्हणाले. "गाडी माझी. आणि मी गेलों नाही. तिकडे कापी पिवून आलों."

"अरे, आयुधपूजेला इथे रिक्षालाही केळीचे खांब बांधतात!" रंजनी माझ्या कानाशी कुजबुजली.

संपलं! लग्न मोडलं, याची मला खात्रीच पटली. रंजनीकडे बघायचीही हिंमत होईना. सासऱ्याला जिवंतपणी मारणारा जावई कुणाला हवा असतो हो?

"प्रदक्षिणा तूंच घातलास काय?" अप्पांनी विचारलं.

"हो... चुकून..."

अप्पा रंजनीकडे वळले. "ऐय्यो, तुझी अम्मा रोज म्हणते, भंगारांत घाल! आणि हा पोरगा बूट काढून नमस्कार करतो! सरी, ठरलं. हाच जावई."

मला रडू की हसू कळेना. पण अप्पांचं अजून व्हायचं होतं.

"इंजिनांत राम नाही म्हणालास ना? आतां बघ!" ते ऐटीत गाडीत बसले. किल्ली फिरवली. गाडी ढिम्म! पुन्हा फिरवली. पुन्हा ढिम्म!

"अहो, बंद आहे म्हणून सांगितलं होतं की यांनी!" नाशिकचे आजोबा कौतुकानं म्हणाले.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुकाट्यानं मागे गेलो आणि ढकलायला लागलो. भर दुपारी, तापलेल्या डांबरावर, अनवाणी! गेटपाशी एकदाची सुरू झाली. म्युझियम बघायचं राहिलं ते राहिलंच.

आता लग्न ठरलंय. वरात त्याच गाडीतून निघणार, हा अप्पांचा हट्ट. ते चालवणार, रंजनी शेजारी बसणार. आणि नवरदेव? त्याच्यासाठी सासूबाईंनी आत्तापासूनच धावायचे बूट घेऊन ठेवलेत.