त्रेचाळिसाव्या पानावरची चांदी

ओन यीला छापखान्यात सगळे चांदीवाली म्हणत. अंगावर गुंजभर चांदी नव्हती बिचारीच्या. यांगॉन शहरातल्या त्या छापखान्यात तिचं काम एकच होतं. पुस्तक छापून सरकारी तपासणीला जायचं, कचेरीतून काही ओळींवर खुणा होऊन परत यायचं, आणि मग त्या ओळींवर तिने कुंचल्याने चंदेरी रंग फासायचा. कचेरीतला साहेब एकदाच रेघ ओढून मोकळा व्हायचा आणि बाराशे प्रतींत बाराशे वेळा पाप करायचं ते हिने. खाली काय लिहिलंय ते वाचायचं नाही, असा तिचा नेम होता. उद्या कुणी दरडावून विचारलंच, तर "मला काय ठाऊक?" हे खरं खरं सांगता यावं.

तिने फासलेलं पहिलं पुस्तक लेखक ऊ श्वे थौंग यांचं होतं. पान त्रेचाळीस, ओळी अकरा. पुढे कितीतरी पुस्तकं हातांखालून गेली, पण पहिल्याची टोचणी काही गेली नाही. चहाच्या दुकानात हा म्हातारा लेखक दिसला, की ती गल्ली बदलायची. सोळा वर्षं हे चाललं.

मग एका दुपारी बातमी आली: यापुढे पुस्तक विकण्याआधी कुणालाही दाखवायला नको. छापखान्यातल्या बायकांनी रंगाचे डबे अंगणात उपडे केले. ओन यी घरी आली आणि चटईवर पडल्या पडल्या गाढ झोपली. अशी झोप तिला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

पंधरा दिवसांनी ऊ श्वे थौंग काठी टेकत तिच्याच दारात उभे! आता गल्ली बदलायची तरी कुठे?

"मीच फासला होता, गुरुजी," ती उंबऱ्यातच बोलून गेली.

"ठाऊक आहे गं. म्हणून तर आलो. भांडायला नव्हे, रंग काढायचा कसा ते विचारायला."

म्हातारा खाली बसला आणि त्याने सगळं सांगितलं. पुस्तक पुन्हा छापायचं होतं, अख्खं. हस्तलिखित जुन्या झडतीत गेलेलं. जवळच्या दोन प्रती रॉकेलने पुसून पाहिल्या, तर चांदीबरोबर अक्षरंही निघून गेली.

"बायकोबद्दल होत्या त्या ओळी," ते म्हणाले. "मी तुरुंगात होतो तेव्हा दाराशी येऊन ती काय बोलली, ते. आता ती नाही. रोज लिहायला बसतो, पण कागदावर भलतीच कुणी बाई बोलते. माझी नव्हे."

 रॉकेलने अक्षर जातं, हे ओन यीइतकं कुणाला ठाऊक? आणि मग तिला तो पहिला दिवस आठवला.

त्या दिवशी ती सहाणेवर थनाखा या झाडाची साल उगाळून, गालांना आणि कोपरापर्यंत हातांना लेप लावून, नटूनथटून कामावर गेली होती. हात बसावा म्हणून तिला एक वाकडी कापलेली प्रत दिली होती. ओळ चुकू नये म्हणून तिने लेपाच्या ओल्या बोटांनी अकराही ओळी चाचपल्या आणि वर रंग दिला. रंग वाळला, आणि ओल आलेल्या भिंतीसारखे त्याचे पोपडे सुटू लागले. मुकादम केवढ्यानं ओरडला होता! "अगं नटवे, तोंडाला फासलंस तेवढं पुरे! कचेरीत हे पोपडे पडले तर छापखान्याला कुलूप लागेल. हात धू, आणि ती प्रत चुलीत घाल!"

हात तिने धुतले. पुस्तक चुलीत घालायला मात्र हात धजेना.

ती उठली. बुद्धाच्या फळीवर, फुलदाणीमागे, जुन्या लुंगीच्या तुकड्यात गुंडाळलेली ती प्रत होती. झडतीवालेही तिथे हात घालायला कचरत. भीतीपोटी तिने स्वतःही कधी ती उघडली नव्हती.

त्रेचाळिसावं पान उघडलं. पोपडे सुटून उरलेली चांदी वरवर घट्ट दिसत होती. अंगठ्याचं नख तिने कडेला लावलं. पान फाटू नये म्हणून दुसऱ्या हाताने ते दाबून धरलं. एक पोपडा उचलला गेला. खाली वाळलेल्या लेपाची पिवळट भुकटी, आणि भुकटीखाली काळं कुळकुळीत अक्षर.

"गुरुजी, निघतंय!"

"हळू गं बाई, हळू!"

अकरावी ओळ मोकळी होईपर्यंत दोघांनी धड श्वास घेतला नाही. ऊ श्वे थौंगनी पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं आणि परत दिलं. "मोतीबिंदू. तूच वाच."

"मी? मी नाही वाचत, गुरुजी. सवय नाही."

"आता लाव सवय."

मग बाराशे वेळा झाकलेल्या ओळी ओन यीने पहिल्यांदा वाचल्या. बायको रोज लोणच्यासारख्या मुरवलेल्या चहापत्तीचा डबा घेऊन तुरुंगाच्या दाराशी यायची. पहारेकरी म्हणायचा, बाई, आत सोडणार नाहीत, उगीच कशाला पायपीट करतेस? शेवटच्या ओळीत तिने त्याला सुनावलं होतं: "नका सोडू. दारापर्यंतचा रस्ता काही तुझ्या बापाचा नाही!"

म्हाताऱ्याने मांडीवर थाप मारली. "बापाचा! अगदी हेच. अशीच होती फटकळ!" हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "आणि मी मूर्ख, इतकी वर्षं तिच्या तोंडी सभ्य वाक्यं घालत बसलो होतो. वाच, पुन्हा वाच."

ओन यीने पुन्हा वाचलं, या वेळी चांगलं खणखणीत. शेजारीण खिडकीतून डोकावली. ओन यीने पुस्तक झाकलं नाही.