मतदानाच्या रविवारी रताळी

आमच्या इथल्या, जपानमधल्या सोसायटीच्या रताळी खणायच्या सहलीला यंदा जेवढी माणसं आली तेवढी पूर्वी कधीच आली नव्हती, आणि त्याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. ही सहल दरवर्षी थंडीच्या तोंडावर एखादा बरा रविवार बघून निघते. यंदा तो बरा रविवार नेमका मतदानाचा निघाला. आणि सहल ठरवणाऱ्यांत माझा नवरा होता.

मतदान होतं नगरपालिकेच्या जुन्या वसाहतीबद्दल. कमी भाड्याची घरं, लिफ्ट नाही, जिने अरुंद. माझ्या जपानी सासूबाई तिथे चौथ्या मजल्यावर राहतात, लग्न होऊन आल्या तेव्हापासून. गुडघे पार गेले आहेत. कचऱ्याच्या दिवशीसुद्धा शेजारीण पिशवी खाली नेते, आणि तेवढ्यासाठी सासूबाई तिला इतक्या वेळा धन्यवाद म्हणतात की ऐकणाऱ्याला कानकोंडं व्हावं. आमच्याकडे राहायला या, असं म्हणून मी थकले. तुमचं घर ते केवढं आणि माझ्या मैत्रिणी सगळ्या इथे, हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

नगरपालिकेने कर्जरोखे काढून ही वसाहत लिफ्टसकट नव्याने बांधावी का, यावर तिथल्या रहिवाशांनी दारोदार सह्या गोळा करून सार्वमत मागितलं. नगरपरिषदेने मोठ्या उदार मनाने ते दिलं, आणि जाता जाता एक अट अडकवून दिली. निम्म्याहून कमी लोक आले तर मतपेट्या उघडायच्याच नाहीत. मोजायच्या नाहीत, काही दिवसांनी चिठ्ठ्या जाळून टाकायच्या. मी हे वाचलं तेव्हा मला वाटलं, माझं जपानी कच्चं आहे. नवऱ्याला विचारलं. जपानी कच्चं नव्हतं.

आमची सोसायटी खाडीकडच्या उंच इमारतींपैकी एक. इथे उघडपणे कुणी कुणाला विरोध करत नाही. नवी वसाहत उंच झाली तर उन्हाळ्यातली आतषबाजी आपल्या बाल्कनीतून दिसणार नाही, हे दुःख लिफ्टमध्ये हळू आवाजात बोललं जाई. हो, लिफ्टमध्येच. ‘नाही’वर खूण करायला जाण्यापेक्षा न जाणंच बरं, हे त्यांच्या लवकर लक्षात आलं. मग रताळी आली.

मला मत नाही. भारतीय पासपोर्ट सोडला नाही, त्यामुळे इतकी वर्षं कर भरून, कचरा काटेकोर वेगळा करून आणि भूकंपाच्या कवायतीत बादल्या उचलूनही इथल्या मतपेटीशी माझा संबंध नाही. ते मी कधीच गिळलं आहे. पण नवऱ्याला मत होतं, आणि जिच्या घराचा प्रश्न होता ती त्याची आई होती. सोसायटीच्या कामाची पाळी यंदा त्याच्याकडे आली होती, म्हणून सहलीची बस त्याने ठरवायची. बस ठरव, मी म्हटलं, पण आधीच जाऊन मत देऊन ये, तशी सोय आहे. तो हो म्हणाला. रोज हो म्हणाला. आगाऊ मतदान स्टेशनच्या इमारतीत होतं, जिथून आमची अख्खी सोसायटी सकाळ-संध्याकाळ जाते. मत गुप्त असतं, हे खरं. पण विरोधातले कुणी जाणारच नव्हते, तेव्हा आत शिरताना दिसला तो वसाहतीच्या बाजूचा, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. खूण कुठे केली हे लपवायचं, आणि आत गेलात हेच उघड! आणि त्या उघड होण्याला माझा नवरा, चांगला पन्नाशीचा माणूस, घाबरला. शनिवारी संध्याकाळी म्हणाला, “राहून गेलं.”

रविवारी तो बस घेऊन गेला आणि मी सासूबाईंकडे गेले. त्या ठेवणीतला कोट घालून, लिपस्टिक लावून दारात उभ्या होत्या. एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने माझा खांदा. जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबलो. मी खुर्ची उचलून आणली होती, तिच्यावर त्या बसत आणि मला त्रास दिल्याबद्दल माफी मागत. मतदान शाळेच्या जिममध्ये होतं. मी दारात थांबले, त्या काठी टेकत आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा चेहरा उजळला होता. “पेन्सिलीचं टोक छान केलं होतं,” एवढंच म्हणाल्या. परत वर चढायला आम्हाला दुपार झाली.

निम्मे लोकही आले नाहीत. पेट्या बंदच राहिल्या. इतकी धडपड करून त्या माउलीने केलेली ती खूण कुणीही पाहणार नव्हतं. मी घरात भांडी आपटली, मराठीत शिव्या दिल्या. नवऱ्याला माझी मराठी समजते, विशेषतः ती.

सोमवारी कामावरून आल्यावर तो रताळ्यांची पिशवी घेऊन आईकडे निघाला. मीही गेले. सासूबाई आलेली वस्तू कधी नाकारत नाहीत, शेजारणीने एक संत्रं दिलं तरी दोन्ही हातांनी घेतात. त्यांनी पिशवीत वाकून पाहिलं. कधी खणलीस, असं विचारलं. काल, तो म्हणाला.

“मी काल खाली गेले होते,” त्या म्हणाल्या.

त्यांनी पिशवीची गाठ पुन्हा नीट मारली आणि दारात, त्याच्या बुटांशेजारी ठेवली.

“जड आहेत. खाली नेताना सांभाळून उतर.”

तो पिशवी उचलून निघाला. खालच्या वळणावर त्याची पावलं थांबलेली मला ऐकू आली. मी त्याच्या मागे गेले नाही. सासूबाईंनी दार लावून घेतलं आणि आम्हा दोघींपुरता चहा टाकला.