ज्वारीवर ज्वारी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

आज पिठाच्या गिरणीत एक आजी कमरेवर हात ठेवून गिरणीवाल्याला बजावत होत्या, "माझी ज्वारी गव्हावर टाकलीस तर बघ! ज्वारीवरच ज्वारी दळ. भाकरी बिघडली तर जेवायला तुझ्याकडेच येईन." गिरणीवाला पांढऱ्या भुवयांआडून हसला. मीही हसलो.

माझ्या मुक्ताला सीलिअ‍ॅक आहे. गव्हाचा कणही तिच्या पोटाला चालत नाही. ती सातवीत असताना ह्याच गिरणीवाल्यानं मला सांगितलं होतं, "काका, आत्ताच गहू काढलाय, थोडं थांबा." मी घाईत म्हणालो, "टाका हो, चिमूटभरानं काय होतंय!" त्या पिठाच्या भाकऱ्या खाऊन पोरगी पंधरा दिवस पोट धरून होती. "मी कुणाचा डबा नाही खाल्ला, शपथ," असं रडून सांगत होती, आणि मीच तिला म्हणालो, "खोटं बोलू नकोस."

उन्हाच्या तिरिपेत पीठ तरंगत होतं. किती हलकं, किती सुंदर दिसतं ते! आजी मात्र नुसत्या चवीसाठी पहाऱ्याला उभ्या होत्या. मी त्यांच्यामागे, ज्वारीच्या रांगेत, डबा ठेवला.

घरी आलो तर आता कॉलेजात जाणारी मुक्ता म्हणाली, "बाबा, पावडर लावून कुठे निघालात?" पहिली टम्म फुगलेली भाकरी तिनं मलाच वाढली.

ती तेव्हा खरं बोलत होती. हे तिला सांगून तिची माफी मागणं माझ्याकडून अजून राहिलं आहे.