सलोमीनंतरचा घोट

"मॅडम, एकाच पेल्यातून सगळी माणसं प्यायली तर एड्स होतो का?"

"कसला पेला? दारूचा?" मी विचारलं. माझ्या खोलीत दिवसभर असलेच प्रश्न यायचे, त्यामुळे तोंडाला लगाम नव्हता.

समोरचा माणूस ओशाळला. "द्राक्षारस असतो. पण चर्चमधला. मी पास्टर आहे."

आता आली का पंचाईत! मी चहा मागवला.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं होती. मी वसईच्या एका सरकारी दवाखान्यात एचआयव्ही समुपदेशक होते. म्हणजे काय, तर रक्त तपासण्याआधी माणसाशी बोलायचं, रिपोर्ट आला की पुन्हा बोलायचं, आणि त्याचं नाव मरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. पापडीच्या कॅथलिक शेजाऱ्यांमुळे मला मिस्सा, म्हणजे त्यांची चर्चमधली उपासना, माहीत होती. पण हे पास्टर लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंटांतल्या एका पंथाचे होते. मूळचे नगरकडचे. सातिवलीच्या कारखान्यांत काम करणारी झारखंडची कुटुंबं ही त्यांची मंडळी. एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन दर रविवारी भक्ती चालायची. महिन्यातून एकदा प्रभुभोजन. त्यात भाकरही मिळते आणि द्राक्षारसही, आणि तो सगळ्यांना एकाच चांदीच्या पेल्यातून. पास्टर प्रत्येकाच्या घोटानंतर पेल्याची कड फडक्याने पुसतात, थोडा फिरवतात आणि पुढच्याच्या ओठांना लावतात.

"नाही होत," मी म्हटलं. "थुंकीने पसरत नाही. उष्ट्याने पसरत नाही. लिहून देऊ?"

"लिहून नको. तिला तुम्हीच सांगा. तिनेच पाठवलंय मला. म्हणते, सावंत मॅडम हो म्हणाल्या तरच मी पेल्याला तोंड लावीन."

तेव्हा माझ्या लक्षात आलं कोण ते. तरी मी 'कोण ती?' असाच चेहरा ठेवला. नोकरीच तशी.

दुसऱ्या दिवशी सलोमी स्वतःच पास्टरांना घेऊन आली. नवरा टीबीने गेला, मग तिची तपासणी झाली, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. सातिवलीत प्लास्टिकच्या कंगव्यांच्या युनिटमध्ये ती पॅकिंगला होती. गरीब, अबोल बाई. स्वतःच्या आजाराचं तिने मला कधी काही विचारलं नाही. विचारलं ते हेच, "मॅडम, मेरे से किसी को लग गया तो?"

त्या भीतीने तिने प्रभुभोजन घेणं बंद केलं होतं. आणि त्या मंडळीत पेला न घेणं म्हणजे मनात पाप आहे किंवा कुणाशी भांडण आहे, असं धरतात. बायका तिला विचारायला लागल्या, किस से झगडा हुआ? बिचारी काय सांगणार? पेल्याने कुणाला काही होत नाही, हे मी तिलाही सांगितलं, पण तिची भीती पुरती गेली नाही.

मला काळजी वेगळी होती. तिचा सीडी-फोर, म्हणजे रक्तातल्या शिपाई पेशींची मोजणी, अजून बरा होता. तो घसरला की गोळ्या सुरू कराव्या लागणार होत्या. गोळ्या फुकट मिळायला नुकती सुरुवात झाली होती, तीही मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात. तिच्या गावाकडे तेव्हा काहीच नव्हतं. सलोमीला जगायचं असेल तर वसईतच राहायला हवं होतं, आणि वसईत राहायचं तर काम हवं होतं. इतकं सरळ गणित होतं.

पास्टर उत्साही माणूस. "आमच्या मंडळीसमोर बोला," म्हणाले. "चर्चने या प्रश्नाला भिडायलाच पाहिजे." मी गेले. पुरुष एकीकडे, बायका एकीकडे. मी सगळं सांगितलं, सुई, रक्त, निरोध, काही लपवलं नाही. निरोध म्हटल्यावर पोरी ओढणीत तोंड लपवून हसल्या. मग दानिएल उठला. तो मंडळीचा पंच, आणि सलोमीच्याच युनिटमध्ये सुपरवायझर.

"मॅडम, बोलना आसान है. ऐसा आदमी पी गया, उसके बाद आप पिओगे?"

"मी आत्ता पिईन," मी म्हटलं. "पण मी हिंदू. मला तुमचे पास्टरच देणार नाहीत!"

हॉल हसला. दानिएलही हसला. मला वाटलं, आपण जिंकलो.

बाहेर जिन्यात पास्टरांनी त्यांचा बेत सांगितला. एरवी ते पहिला घोट स्वतः घेत. आता ते शेवटी घेणार होते. सलोमी सगळ्या बायकांच्या मागून येईल, तिच्यानंतर उरलेलं सगळं ते स्वतः पिऊन टाकतील. म्हणजे तिच्या मनात भीती नको आणि दुसऱ्या कुणाला धोका नको.

"अहो, धोका मुळात नाहीच! आणि तिला शेवटी कशाला? लोक आंधळे आहेत का?"

"आमच्यात पेला घ्यायला कुणी कुठेही गुडघे टेकतं, मॅडम. कुणाच्या लक्षात येणार नाही. आणि तिच्या मागून पास्टर पितो, हे तिला दिसायला हवं. शेजाऱ्यासाठी एवढंही नाही केलं तर मी रविवारी काय शिकवतो?"

"नका करू," मी म्हटलं. "मधे कुठेतरी बसू दे तिला. नेहमीसारखी."

ते मान हलवून गेले. मान हलवली म्हणजे पटलं, असं मी समजले.

नंतरच्या आठवड्यात सलोमी भर कामाच्या दिवशी दवाखान्यात आली.

"आज सुट्टी?"

"काम से निकाल दिया."

मग तिने सांगितलं. पास्टरांनी ठरवलं तसंच केलं होतं. ती सगळ्यांच्या मागून गेली, प्यायली, आणि पास्टरांनी सगळ्यांदेखत पेला उलटा होईपर्यंत रिकामा केला. आजवर पहिला घोट घेणारा माणूस त्या दिवशी शेवटी प्यायला, तोही त्या बाईनंतर. वर माझं भाषण सगळ्यांच्या डोक्यात ताजं. कुणाला समजायचं राहिलं? सोमवारी दानिएलने तिला पॅकिंगवरून काढून गोडाऊन झाडायला लावलं. बुधवारी म्हणाला, उद्यापासून येऊ नको.

"पास्टर ने अच्छा किया, मॅडम," सलोमी म्हणाली. "मेरे लिये किया. उनको कुछ मत बोलना."

मी काय ऐकते! पास्टरांना फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. ते आधीच दानिएलकडे जाऊन आले होते.

"काय म्हणाला तो?"

"म्हणाला, चर्चमध्ये मी तिच्या शेजारी गुडघे टेकीन, पास्टर. पण कारखाना चर्च नाही. लेबर तिच्याबरोबर बसत नाही, माल अडतो, मालक मला विचारतो. तुम्हीच शिकवलंत ना, देवाचा कारभार वेगळा, जगाचा वेगळा. प्रत्येकाने आपापली नोकरी इमानाने करायची."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

पास्टर म्हणाले, "मीच शिकवलंय, मॅडम. तसंच शिकवलंय. फक्त ते याच्यासाठी नव्हतं."

मी मालकाला जाऊन भेटायला तयार होते. पण सलोमीने परवानगी दिली नाही, आणि तिच्या परवानगीशिवाय मला तोंड उघडता येत नव्हतं. "और किसी को मत बताओ," एवढंच म्हणाली. दुसऱ्या युनिटमध्ये विचारून आली, तिथे तिच्याआधी बातमी पोचलेली. मंडळीतल्या बायका वाईट नव्हत्या. रोज कुणी ना कुणी तिला जेवण द्यायची. थर्माकोलच्या ताटलीत द्यायची, म्हणजे भांडं परत घ्यायला नको.

तिने खोली सोडली आणि गावी गेली. मी तिला दोनदा बजावलं, सीडी-फोर तपासत राहा, काही वाटलं तर इकडे ये, राहायचं बघू. ती हो हो म्हणाली. राहायचं मी काय बघणार होते, ते मलाही माहीत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात पास्टरांचा फोन आला. सलोमीला गावी ताप आला, खंगली, गेली. जवळच्या दवाखान्यात गोळ्या नव्हत्या. मी फोन ठेवला आणि खोलीचं दार लावून रडले. बाहेर रांग होती. डोळे पुसून पुढचं नाव पुकारलं. कुणावर रागावू, तेच कळेना. दानिएल खलनायक असता तर बरं झालं असतं. तो दर महिन्याला प्रभुभोजन घ्यायचा, त्याच पेल्यातून.

पास्टरांची नंतर बदली झाली. मंडळीने मात्र विषय सोडला नाही. दरवर्षी एक रविवार एड्ससाठी ठेवतात, पोस्टर लावतात, मुलं लाल रिबिनी वाटतात. मला बोलावतात, शाल देतात. मी जाते, बोलते. कार्यक्रम चांगला होतो. सलोमीचं नाव कुणी काढत नाही. ते गुप्त ठेवायचं असतं, हे मीच त्यांना शिकवलंय.

नवीन समुपदेशकांना मी एकच गोष्ट शिकवते. तुमच्या पेशंटसाठी कुणी काही चांगलं करायला निघालं की त्याचे आभार माना, खुर्ची द्या, आणि आधी विचारा, "सोमवारी सकाळी ती कामावर जाईल तेव्हा काय होईल?" उत्तर नसेल, तर त्याला दारातून बाहेर जाऊ देऊ नका.